सदतीस नंबरचा बुधवार

१

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी वहिनींचा रजेचा अर्ज परत आला. वर लाल शाईत एकच ओळ होती: गेल्या वर्षाची हजेरी २३९ दिवस, अर्जित रजा देय नाही.

आमच्याकडचा कायदा साधा आहे. वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं, की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते. दोनशे चाळीसला बारा दिवस. दोनशे एकोणचाळीसला मात्र अकरा नाही, शून्य.

आमचा कारखाना वजनं आणि तराजू बनवतो. ओतलेलं पितळी वजन मुद्दाम केसभर जड ठेवतात आणि मग जुळवणी खोलीत ते कानशीने आणि पॉलिशच्या भुकटीने घासून घासून बरोबर मापावर आणतात. वहिनी गेली बावीस वर्षं हेच काम करतात. त्यांचा धाकटा दीर कधीकाळी ओतकामाला होता. तो त्यांना वहिनी म्हणायचा, मग खात्याने म्हटलं, आता मालकसुद्धा वहिनीच म्हणतात. त्यांच्या हातचं वजन तपासणीतून परत आल्याचं मी दोन वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही, आणि तपासणारी मीच आहे.

त्यांना बारा दिवस हवे होते ते परीक्षेसाठी. वजन-मापं परीक्षकाचा परवाना. ही परीक्षा तीन वर्षांतून एकदा, दुसऱ्या शहरात, बारा दिवस चालते. दर कारखान्यातून एकच उमेदवार, वयाची अट पंचेचाळीसपर्यंत. आजवर आमच्याकडून गेले ते सगळे टेबलाशी बसणारे. कानशीवाल्यांतून कोणी गेलं नव्हतं. यंदा यादीत पहिलं नाव वहिनींचं होतं, आणि जुलैत त्यांना सेहेचाळिसावं लागणार होतं.

त्या माझ्या खोलीत आल्या आणि अर्ज टेबलावर ठेवला. मी रजा समितीवर आहे. कायद्याने समितीत कामगारांतलं एक माणूस लागतं. निवडीच्या सभेत "रजा समिती म्हणजे काय?" असं मी एकटीनेच विचारलं होतं, म्हणून सगळ्यांनी मला निवडून दिलं.

"दशांश," वहिनी म्हणाल्या. हे माझं टोपणनाव. मी प्रत्येक आकडा टिंबापुढे दोन घरं तरी विचारते म्हणून पडलेलं. "माझा एक दिवस चोरीला गेलाय. तो शोधून दे."

२

चोरीला गेलेली वस्तू कुठून गेली हे आधी पाहावं, म्हणून मी फाटकावरच्या केबिनमध्ये गेले.

तिथे हजेरीमास्तर बसतात. फाटकाजवळ एक लाकडी फळी आहे आणि तिच्यावर पासष्ट हुक. हुकांवर पितळेचे बिल्ले, प्रत्येकावर कामगाराचा नंबर ठोकलेला. सकाळी येणाऱ्याने आपला बिल्ला काढून कुलूपबंद पेटीच्या फटीतून आत टाकायचा. सव्वाआठला मास्तर पेटी उघडतात. मग जे होतं ते बहुधा फक्त आमच्याकडेच होत असेल: ते बिल्ले मोजत नाहीत, आधी तोलतात. थोरल्या मालकांची रीत. वजनांच्या कारखान्यात दिवसाची सुरुवात तराजूने व्हावी, असं त्यांचं म्हणणं. एकूण वजन हजेरीपटाच्या शेवटच्या रकान्यात लिहायचं, मग एकेक बिल्ला वाचून खाचांच्या तबकात लावायचा आणि नावापुढे बरोबरची खूण करायची. ज्याचा बिल्ला पेटीत नाही त्याच्या नावापुढे लाल फुली, म्हणजे खाडा. सुटताना प्रत्येकजण आपला बिल्ला उचलून परत हुकाला अडकवतो.

त्या वजनाच्या रकान्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. पण पंचवीस वर्षांत तो एक दिवसही कोरा राहिलेला नाही.

मास्तरांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. शिडशिडीत, कडक इस्त्रीचे गृहस्थ. त्यांचा स्वतःचा बिल्ला फळीवर नसतो, सकाळी पेटीतून तोलून झाला की कोटाच्या खिशात असतो. बोलताना तो रुमालात धरून पुसायची त्यांना सवय आहे. पितळेला घामाचा हात लावू नये म्हणतात. पंचवीस वर्षांत त्यांचा एकही खाडा नाही. येत्या शनिवारी, कारखान्याच्या स्थापनादिनी, त्यांना 'अखंड हजेरी' कोरलेलं पितळी वजन मिळायचं होतं. असं वजन आजवर कोणालाच मिळालेलं नव्हतं.

वहिनींची ओळ वाचायला सोपी होती. वर्षाचे कामाचे दिवस दोनशे चौऱ्याण्णव. एप्रिलच्या शेवटापासून सलग चोपन्न दिवस आजारपण. न्हाणीघरात पाय घसरून घोट्याचं हाड मोडलं होतं. हे दिवस धरायचे नाहीत, म्हणजे उरले बरोबर दोनशे चाळीस. बाकी सगळीकडे खुणा, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या बुधवारी एकच लाल फुली.

मी त्या फुलीवर बोट ठेवलं. मास्तरांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग बिल्ल्याकडे, आणि तो पुसायला लागले.

बिल्ला पेटीत नव्हता म्हणून फुली पडली, एवढंच ते म्हणाले. वहिनी आल्या आणि बिल्ला टाकायला विसरल्या, असं होऊ शकतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, इतरांचं होऊ शकतं, वहिनींचं नाही. एरवी मास्तर कोणाची स्तुती करत नाहीत, म्हणून हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

मी त्या बुधवारची सगळी पानभर नोंद वहीत उतरवून घेतली. एकसष्ट हजर, चार गैरहजर, वजन ११९१.३० ग्रॅम. लिहिताना काहीतरी खटकलं. काय, ते कळेना. शर्टाचं लेबल आतून टोचावं तसं ते दिवसभर टोचत राहिलं.

३

जुळवणी खोलीचे मुकादम म्हणजे मामा. ते खरेच मामा आहेत, खात्यातल्या दोघांचे, पण हाक सगळेच मारतात. परीक्षेच्या यादीत दुसरं नाव त्यांच्या जावयाचं होतं. वहिनी गेल्या नाहीत तर तो जाणार. ही गोष्ट मला चार जणांनी वेगवेगळी येऊन, आवाज खाली करून सांगितली.

मामा मात्र ती पाचव्यांदा सांगायला स्वतःच बसले होते.

"विचार की सरळ," ते कानस खाली ठेवून म्हणाले. "मामाने फुली मारली का? अगं दशांशे, जावयाला पुढे करायचा असता तर त्याला आधी कानस धरायला नसती का शिकवली? अजून चमचा धरल्यासारखी धरतो."

खोलीत हशा पिकला. कोपऱ्यात जावईही हसला, थोडा उशिराने.

पण मी त्या बुधवारबद्दल विचारलं तेव्हा मामांचा सूर बदलला. पाच महिन्यांपूर्वीचा बुधवार कोणाला आठवतो, म्हणाले. त्या दिवशी वहिनी खोलीत होत्या का? असतील. तुम्ही स्वतः? मीही असेन, हजेरीपटात बघ. एवढं बोलून त्यांनी कानस उचलली आणि जे वजन आधीच मापावर आलेलं होतं ते पुन्हा घासायला घेतलं. मुकादमाने आपल्या हाताने वजन बिघडवावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

वहिनींना मी एकांतात विचारलं, त्या दिवशी काय केलं ते काही आठवतं का. त्यांना आठवत नव्हतं. घरच्या कोणाच्या आठवणीलाही अर्थ नव्हता, कारण त्या रोज सातला घरातून निघतात, सगळे दिवस सारखेच. "कामावर गेलेला दिवस कशाला लक्षात राहील?" त्या म्हणाल्या. "घरी राहिले असते तर आठवला असता."

बुधवारी दुपारी व्यवस्थापक साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. समितीत ते, मास्तर आणि मी असे तिघे. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना गोष्टी लवकर मिटलेल्या आवडतात. औषध कंपन्यांची मोठी मागणी आली होती, तरी ते वहिनींना बारा दिवस द्यायला तयार होते. विशेष मेहेरबानी म्हणून. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. फक्त सही हवी होती.

वहिनींनी कागद वाचला. तिसरी ओळ अशी होती: सदर बुधवारी मी गैरहजर होते हे मला मान्य आहे.

मी मनात म्हटलं, करा सही. एका ओळीचा तर प्रश्न आहे, परीक्षा हातची जाईल.

वहिनींनी पेनाचं टोपण परत लावलं.

"साहेब, मेहेरबानी तुमची असते. आज दिलीत, उद्या म्हणाल परत द्या. रजा माझी आहे, मी ती घासून मिळवलीय. आणि ज्या दिवशी मी कामावर होते त्या दिवशी नव्हते असं लिहून मी मापाची परीक्षा द्यायला जाऊ?"

साहेबांनी कागद परत ओढला. मग म्हणाले, शुक्रवारी चारला समिती बसेल. परीक्षेचे फॉर्म शनिवारी बंद होतात. तोवर पुरावा आला नाही तर दुसरं नाव जाईल.

बाहेर आल्यावर वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. मला हसू आलं नाही. त्यांनी आपली परीक्षा माझ्या हिशोबावर ठेवली होती आणि माझ्याकडे हिशोबच नव्हता.

४

संध्याकाळी तपासणीची वही भरत होते. पन्नास ग्रॅमचं वजन, प्रत्यक्ष ५०.००. शून्य, शून्य. आणि ते टोचणारं लेबल एकदम सापडलं.

११९१.३०.

मी धावत फाटकावर गेले. मास्तर निघायच्या बेतात होते. हजेरीपट मागून वजनाचा रकाना वरून खाली वाचत गेले. ११८९.४. १२०६.१. ११७०.८. टिंबापुढे एक घर. सबंध वर्षात टिंबापुढे एकच घर. फाटकावरच्या तराजूवर दुसरं घर वाचता येतं, पण मास्तर ते लिहीत नाहीत, त्यांना त्याची गरज नाही. फक्त त्या एका बुधवारी दोन घरं होती, आणि त्यातलं दुसरं शून्य.

शेवटचं शून्य बाहेरच्या जगात कोणी लिहीत नाही. बाजारात विचारा, साडेतीन म्हणजे साडेतीन. पण जुळवणी खोलीत शून्य हेही मोजून आलेलं माप असतं. ते लिहिलं नाही तर मोजलंच नाही असं धरतात. ही सवय एकदा हाताला लागली की सुटत नाही.

म्हणजे त्या सकाळी पेटी मास्तरांनी तोललेली नव्हती.

आणि तरी त्या दिवशी मास्तरांच्या नावापुढे हजेरीची खूण होती.

मी वर पाहिलं. मास्तर दारात उभे होते, खिशात हात घालून. मला हजेरीपट वाचताना ते बघत होते आणि मी कुठल्या पानावर थांबले तेही त्यांनी पाहिलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं असं मनात आलं, पण मनात येणं म्हणजे पुरावा नाही. आकडा लिहिण्याच्या सवयीवरून मी कोणाच्या पंचवीस वर्षांवर रेघ मारू शकत नव्हते. आणि त्याने वहिनींचा दिवसही सिद्ध होत नव्हता.

पण पेटी कोणीही तोललेली असो, तोललेली होती. त्या दिवशी पेटीत जे बिल्ले होते त्यांचं वजन कागदावर पाच महिने पडून होतं. आणि ऑगस्टपासून कारखान्यात कोणी नवीन आलं नव्हतं, कोणी गेलंही नव्हतं. सगळे बिल्ले तेच होते.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या परवानगीने मी तबक माझ्या खोलीत मागवलं. मास्तर ते स्वतः घेऊन आले. शेवटी खिशातून रुमाल काढून आपलाही बिल्ला टेबलावर ठेवला.

पासष्ट बिल्ले मी एकेक करून तोलले. नवे पाडले तेव्हा सगळे बरोबर वीस ग्रॅमचे होते. वर्षानुवर्षं हुकाला, पेटीला, बोटांना घासून झिजलेले. सगळ्यात हलका १९.२१, सगळ्यात जड १९.७८. या रांगेबाहेर दोनच होते. मास्तरांचा १९.९५. रुमालातला बिल्ला कशाला झिजेल? आणि दुसरा, १८.३०.

हा दुसरा हातात घेतला आणि मी खिडकीपाशी गेले. तो आरशासारखा चमकत होता. दोन्ही बाजू सपाट. वरचा नंबर पूर्ण पुसून गेला होता. उजेडात तिरका धरला तरी काही दिसेना.

"मास्तर, हा कोणाचा?"

"वहिनींचा. सदतीस," ते म्हणाले. "रोज सुटताना पॉलिशच्या फडक्याने पुसून हुकाला लावतात. बावीस वर्षं. मला वाचावा लागत नाही, गुळगुळीत तो वहिनींचा."

"पण पेटी उघडणारं दुसरं कोणी असतं तर?"

मास्तरांचा रुमाल हातातच राहिला. मी आजवर एखाद्या माणसाला इतक्या शांतपणे एखादी गोष्ट समजताना पाहिलेलं नाही. ते वळले आणि दार हलकेच लावून निघून गेले.

५

शुक्रवारी चारला समिती बसली. वहिनी होत्या. मामांनाही मी बोलावलं होतं. मास्तर वेळेवर आले, खुर्चीत ताठ बसले.

मी आधी पद्धत सांगितली. गेल्या वर्षातले कोणतेही पाच दिवस घेतले. त्या दिवशी हजर दाखवलेल्यांच्या बिल्ल्यांची वजनं मिळवली आणि मास्तरांनी लिहिलेल्या वजनाशी ताडून पाहिली. पाचही दिवस फरक ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आत. म्हणजे बिल्ल्यांवरून कोण हजर होतं हे पडताळता येतं.

मग तो बुधवार. हजर दाखवलेले एकसष्ट. त्यांच्या बिल्ल्यांची बेरीज ११९२.९५. पेटीचं लिहिलेलं वजन ११९१.३०. फरक १.६५.

साहेब म्हणाले, दीड ग्रॅमसाठी कोण भांडतं? मामा आणि वहिनी दोघांनी एकदमच त्यांच्याकडे असं पाहिलं की ते म्हणाले, बरं, पुढे सांगा.

एखादा बिल्ला जास्त किंवा कमी असता तर फरक एकोणीस-वीस ग्रॅमचा आला असता. म्हणजे एकसष्ट बिल्ले एकसष्टच होते, फक्त त्यातला एक दुसराच होता. हजर दाखवलेल्यांपैकी एक बिल्ला पेटीत नव्हता, आणि गैरहजर दाखवलेल्या चौघांपैकी एक होता. या अदलाबदलीत पेटी १.६५ ने हलकी व्हायला हवी. चौघांपैकी तिघांचे बिल्ले साडेएकोणीसच्या आसपास. त्यांच्याऐवजी जो बिल्ला नव्हता तो मग एकवीस ग्रॅमचा असायला हवा, आणि तसा बिल्ला कारखान्यात नाही. उरला वहिनींचा, १८.३०. त्यात १.६५ मिळवले की येतात १९.९५.

"एवढ्या वजनाचा बिल्ला एकच आहे," मी म्हटलं, आणि कोणाकडेही पाहिलं नाही.

मग मामांची खुर्ची मागे सरकली.

"मी तोलली पेटी," ते म्हणाले. "सातला मास्तर फाटकाशी आले, किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाले आजचा दिवस सांभाळ, आणि गेले. पेटी उघडली तर साठ नंबर आणि एक बिननंबराचा, लखलखीत. मला वाटलं जाता जाता मास्तरांनीच टाकला. एवढा निगुतीने ठेवलेला बिल्ला दुसऱ्या कोणाचा असणार? बिल्ला पेटीत म्हणजे माणूस हजर. मास्तरांपुढे खूण केली, आणि जे नंबर तबकात नव्हते त्यांच्यापुढे फुल्या. मग खोलीत गेलो, आणि समोर बसलेल्या बाईला मघाशी फुली मारलीय हे माझ्या डोक्यातही आलं नाही." ते वहिनींकडे वळले. "काखेत कळसा होता, वहिनी. आणि आम्ही घातला गावाला वळसा. पण मी मास्तरांना शब्द दिला होता, त्या दिवसाबद्दल बोलणार नाही."

आता सगळे मास्तरांकडे बघत होते. ते उठले. आवाज नेहमीसारखाच होता, हजेरी पुकारल्यासारखा.

"दुसऱ्या दिवशी माझ्या नावापुढे खूण दिसली. मामाने मैत्रीने केली असं समजलो आणि राहू दिली. तो माझा दोष, मामाचा नाही. कोणाचा दिवस माझ्याकडे आला हे मी बघितलं नाही. सोमवारी त्या फुलीवर बोट पडलं तेव्हा शंका आली. काल या मुलीने बिल्ला उजेडात धरला तेव्हा खात्री झाली."

साहेबांनी विचारलं, कुठे गेला होतात?

मास्तर पहिल्यांदा अडखळले. "लेकीचं पदवीदान होतं. आमच्या घरात पहिलीच. तिला सांगितलं होतं, बापाचा खाडा होणार नाही, तू एकटी जा. सातला फाटकाशी उभा राहिलो, बिल्ला हातात होता. टाकवेना." त्यांनी खिशातला बिल्ला चाचपला. "शेवटच्या रांगेत बसलो. तिने पाहिलंही नाही. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी उभा राहिलो, एकटाच."

त्यांनी हजेरीपट पुढे ओढला. साहेब म्हणाले, मास्तर, उद्याचा मान जाईल. मास्तर म्हणाले, माहीत आहे. त्यांनी पट्टी लावून आपल्या नावापुढची खूण एका रेघेने छेदली, शेजारी लाल फुली काढली आणि तारीख घालून सही केली. मग वहिनींची फुली छेदून तिथे खूण केली. इतकी रेखीव खूण त्या हजेरीपटात दुसरी नसेल.

"पंचवीस वर्षं मी रजा हा आजार समजत आलो," ते म्हणाले. "दर वर्षी कमावली, दर वर्षी वाया घालवली. माझ्या हजेरीत अभिमान वाटावा असा दिवस कुठला म्हणाल तर ही फुली. आणि तिच्यावर मी दुसऱ्याचा दिवस पांघरून बसलो होतो. वहिनी, माफ करा."

वहिनींनी वाकून ती नवी खूण पाहिली. मग म्हणाल्या, "फुली तरी कशाला? रजेचा अर्ज द्या. तुमची हक्काची रजा होती, आज लिहून घ्या."

पाच महिन्यांनी दिलेला अर्ज चालतो का, असं साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं. मी नियम पाहून आले होते. झालेली चूक स्वतःहून कबूल केली, तर समितीला तो दिवस मागाहून रजेत धरता येतो. तिघांपैकी दोन मतं लागतात. मास्तर म्हणाले, माझ्याबद्दल मी मत देणार नाही. मी हात वर केला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आणि हात वर केला.

मग एक गंमत झाली. पंचवीस वर्षं इतरांचे रजेचे अर्ज तपासणाऱ्या माणसाला स्वतःचा अर्ज भरता येईना. 'कारण' या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"तो कोरा ठेवा," वहिनी म्हणाल्या. "कमावलेल्या रजेला कारण लागत नाही."

मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि तरीही लिहिलं: मुलीचं पदवीदान. थोड्या मोठ्या अक्षरात.

६

स्थापनादिनी 'अखंड हजेरी'चं वजन कोणालाच मिळालं नाही. ते साहेबांच्या कपाटात आहे. मास्तरांची लेक मात्र कार्यक्रमाला आली होती आणि वडिलांच्या शेजारी पहिल्या रांगेत बसली होती.

वहिनींचा फॉर्म त्याच दुपारी गेला. रजेवर निघायच्या आदल्या दिवशी सुटताना त्या आपला बिल्ला पुसायला गेल्या, तर तो तबकात नव्हता. मामा जुळवणी खोलीत तो ऐरणीवर घेऊन बसले होते. छिन्नी आणि हातोडी हाताशी होती. मास्तरांनी नवा बिल्ला पाडायचं सुचवलं होतं. वहिनींनी नको म्हटलं होतं.

मामांनी दोन ठोक्यांत तीन उमटवला, तीन ठोक्यांत सात. जावयाने बिल्ला धरला होता. त्याचा हात स्थिर होता, आणि हे मामांनीसुद्धा बोलून दाखवलं.

"आता वजन कमी झालं असेल," जावई म्हणाला.

"झालं नसेल," मी म्हटलं. "ठोकल्याने पितळ दबतं. जात नाही कुठे."

सगळे माझ्या खोलीत आले. वहिनींनी बिल्ला स्वतः पारड्यात ठेवला आणि हात मागे घेतला. काटा डुलला, मंदावला, थांबला. मास्तर चष्मा सावरून वाकले.

नंतर तो बिल्ला बारा दिवस फळीवर होता. सकाळी चौसष्ट हुक रिकामे व्हायचे आणि सदतीस नंबरच्या हुकावर तो एकटा झळकायचा. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याच्याकडे बघून जायचा. पेटी तोलली की मास्तर हजेरीपटात वहिनींच्या नावापुढे दोन शब्द लिहायचे, अर्जित रजा, आणि वजनाच्या रकान्यात आता टिंबापुढे दोन घरं.

रजेआधीच्या त्या संध्याकाळचा आकडा माझ्या वहीत आहे. बिल्ला क्रमांक सदतीस, प्रत्यक्ष वजन १८.३०. शेवटचं शून्य वहिनींनी लिहिलं.